रेकॉर्डिंग गेलं तर जाऊ दे

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळू,

तुझा निरोप वाचला. तुझ्या क्लासच्या डेव्हऑप्स बॅचचं अख्खं रेकॉर्डिंग, नोट्ससकट, टेलिग्रामवर दोनशे रुपयांना मिळतंय आणि तू पंधरा हजार फी सांगतोस. पोरं डेमोला येतात, एसीत दोन तास बसतात, "घरी विचारून सांगतो" म्हणतात आणि पुन्हा दिसत नाहीत. वर बंगळुरूत मारतहळ्ळीचं भाडं, 18 टक्के जीएसटी, रिंग रोडवरच्या जाहिराती. राग येणारच. पण तू विचारलंस की वकील लावू का क्लास बंद करू, तर मला यातलं एकही आधी सुचत नाही.

कायद्याचं सांगते, कारण त्याबाबत तुझ्या डोक्यात गोंधळ दिसतो. कॉपीराइटची नोंदणी केली नाही म्हणून तुझा हक्क बुडाला, असं नाही. मजकूर तयार झाला की हक्क आपोआप लागू होतो. जाणूनबुजून चोरी करणाऱ्याला 1957 च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. टेलिग्राम ऐकणारच नाही, हाही समज काढून टाक. दिल्लीत स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवणाऱ्या नीतू सिंग यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं असेच चॅनलांवर फिरत होती. त्या उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयाने चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं आणि टेलिग्रामने ती दिली. रीतसर लेखी तक्रार गेली तर टेलिग्रामसारख्या मध्यस्थ कंपनीने 36 तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाहीस तर त्यांना तो परत चालू करता येतो. आणि त्या 21 दिवसांत त्याच माणसाने दुसऱ्या नावाने चार चॅनल काढलेले असतात. तेव्हा तक्रार जरूर कर, एखादी सकाळ घालव, पण त्यावर धंदा वाचेल अशी आशा धरू नकोस.

त्यापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. तुझा डेव्हऑप्सचा ट्रेनर पगारी नाही, फीच्या टक्केवारीवर येतो. त्याच्याशी लेखी काही केलं आहेस का? पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या नोट्स मालकाच्या असतात. टक्केवारीवाल्याने लिहिलेल्या नोट्स त्याच्याच राहतात, जोवर तो सही करून त्यांचा हक्क तुला देत नाही. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा तो करार पाच वर्षांचा धरतो. उद्या हाच माणूस मुन्नेकोळालला स्वतःचा क्लास काढून त्याच नोट्स वाटू लागला, तर तू त्याला चोर म्हणू शकणार नाहीस. टेलिग्रामवाल्यावर दात खाण्याआधी हा कागद कर.

आता जरा कडू. मागच्या दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी प्रत्येक एन्क्वायरीला सांगत होती, "फीमध्ये डंप्स इन्क्लूडेड आहेत सर." डंप्स म्हणजे काय? कुणीतरी सर्टिफिकेटच्या परीक्षेत पाहिलेले प्रश्न पाठ करून बाहेर आणायचे आणि विकायचे. परीक्षेला बसताना प्रत्येक उमेदवार प्रश्न फोडणार नाही असं मान्य करतो, आणि पकडला गेला तर परीक्षा घेणारी कंपनी सर्टिफिकेट रद्द करते. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न संकेतस्थळावर विकणाऱ्या एकाने 2002 मध्ये गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे चालणार नाही. आपल्या या सगळ्या धंद्याचं बाळपणच चोरीच्या मालावर गेलं. बंगळुरूचा एस. पी. रोड असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तिथून आणलेल्या सीडींवर किती क्लास उभे राहिले! हैदराबादला अमीरपेटमध्ये तर नावाजलेल्या सरांच्या वर्गातल्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बांधून मिळायच्या, आणि तरी त्या सरांच्या वर्गाला गर्दी असायची. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच.

पोरं डंप्स का मागतात, तेही मला कळतं. सिस्कोची सीसीएनए परीक्षा 300 डॉलरची. पीजीत राहणाऱ्या फ्रेशरचं ते दोन-तीन महिन्यांचं भाडं झालं. नापास झाला तर तेवढेच पुन्हा. घरून पैसे मागवलेला मुलगा जुगार कसा खेळेल? पण डंप्स पाठ करून पास झालेला पोरगा मुलाखतीत सबनेट पाडायला सांगितलं की गप्प होतो. असे पाच-पंचवीस पाहिले की कंपनीवाले त्या कागदाकडे बघायचंच सोडतात. म्हणजे चोरट्याने तुझी एक बॅच नेली, डंप्सनी सर्टिफिकेटची किंमतच नेली. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे क्लास वर्षानुवर्षं भरले, कारण सरकारी नोकरीला तो कागद लागतो. तुझ्या कागदामागे असं सरकार उभं नाही. मुलाखत घेणाऱ्याचा विश्वास, एवढंच आहे.

आणि समज, उद्या टेलिग्राम बंद पडलं. मग? सिस्कोचा पॅकेट ट्रेसर फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट आहे. आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल 2003 पासून आहे. यूट्यूबवर तेलुगू, हिंदी, कन्नड, मागाल त्या भाषेत कुबरनेटिस शिकवणारे बसलेत, शंका विचारायला चॅटजीपीटी आहे. हे सगळं कायदेशीर. तुझा माल दोनशे रुपयांना विकला जातोय याचं दुःख करतोस, पण तसलाच माल शेजारी शून्य रुपयांना मांडलेला आहे. कुंदा कसा करतात हे बेळगावात कुणाला ठाऊक नाही? दूध तासन्‌तास आटवत, हलवत कोण बसणार, हा प्रश्न असतो.

म्हणून रेकॉर्डिंग विकणं सोड. उलट पहिले चार-पाच तास तूच यूट्यूबवर टाक, डेमोचा एसी तरी वाचेल. फी कशाची घ्यायची? लॅबची. बारा-पंधरा जणांची बॅच कर, जास्त नको. सर्व्हर मुद्दाम बिघडवून ठेव आणि पोराला एकट्याला बसव. तो चुकेल, मागे उभा राहून बघ, लगेच सांगू नकोस. त्याने लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट ट्रेनरने वाचून खुणा करून परत दिली पाहिजे. टेलिग्रामवरचा व्हिडिओ कुणाची वही तपासत नाही. यात ट्रेनर दमतो आणि नफा कमी होतो, हे खरं आहे. एका वेळी साठ जणांना झूमवर शिकवून मिळायचं तेवढं मिळणार नाही. करोनात पीजी रिकाम्या झाल्या तेव्हा झूमनेच तुला तारलं, मान्य. पण रेकॉर्डिंग बाहेर फिरायला तिथूनच सुरुवात झाली.

परीक्षाही निवडून घे. रेड हॅटची आरएचसीएसए किंवा कुबरनेटिसची सीकेए यांत पर्यायांवर टिचक्या मारायच्या नसतात. समोर चालू मशीन असतं आणि वेळेत काम करून दाखवावं लागतं. पाठांतर तिथे फारसं उपयोगी पडत नाही. अशा दोन-तीन परीक्षांचाच क्लास म्हणून तुझं नाव झालं तर चालेल. सध्या तुझ्या बोर्डावर सेलेनियमपासून सॅपपर्यंत बावीस कोर्स आहेत. एवढे एका मजल्यावर कोण शिकवतं, असं मलाच वाटलं होतं, मग गिऱ्हाइकाला वाटणार नाही?

"100 टक्के प्लेसमेंट" ही पाटी काढ. कलामंदिरच्या स्टॉपपासून पुलापर्यंत प्रत्येक खांबावर तीच आहे, कुणी वाचत नाही. आणि दोन वर्षांचा खोटा अनुभव दाखवून पोरं आत घुसवणारे तुझ्याकडे येतील, कमिशन देऊ म्हणतील. त्यांना चहासुद्धा देऊ नकोस. पार्श्वभूमीच्या तपासणीत ते उघडं पडतं, नोकरी त्या पोराची जाते आणि बापाचा फोन तुला येतो.

हे सगळं करूनही भाडं निघालं नाही तर? निघणार नाही असंही होईल. मग मोठी जागा सोड, आतल्या गल्लीत एक लॅब ठेव. जून महिना जाईपर्यंत नवं कर्ज काढू नकोस, भावजींकडून तर नाहीच.

ट्रेनरच्या कराराचा मसुदा इथल्या वकिलांकडून करून घेते. तुमचं टक्केवारीचं नेमकं काय ठरलंय आणि कुठल्या महिन्यापासून, ते रविवारपर्यंत लिहून पाठव. तोंडी सांगू नकोस. येताना आईसाठी तिच्या गुडघ्याचा पट्टा आण, मागच्या वेळी विसरलास.

तुझी
मावशी