ग्रामसभा आणि गावाचा निधी

गावास मिळालेला पैसा कोणत्या कामी लागावा, हे ठरविण्याची जागा ग्रामसभा होय. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविणे कायद्याने आवश्यक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी रूढ आहेत. प्रत्येक सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते.

निधीची विभागणी समजण्यासाठी पंधराव्या वित्त आयोगाचे उदाहरण घ्यावे. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत दर १०० रुपयांपैकी ३० रुपये स्वच्छतेसाठी, ३० रुपये पिण्याचे पाणी व पर्जन्यजल संचयासाठी राखलेले होते. उरलेले ४० रुपये गावाच्या इतर गरजांसाठी होते. मात्र त्यांतून पगार देता येत नसे. शिवाररस्त्याची मागणी करावयाची ती या ४० रुपयांतूनच. विकास आराखड्यात न आलेल्या कामास हा निधी मिळत नसे.

सभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. ४०० मतदारांच्या गावी ६० जण पुरतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग थोडक्यांचा निर्णय साऱ्या गावाचा ठरतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) सभेची तारीख व विषय वाडीवस्तीवर दवंडीने कळवावेत.

(२) कामाची मागणी लेखी द्यावी.

(३) मागील खर्चाचा हिशेब सभेत वाचून घ्यावा.

(४) ठराव इतिवृत्तात नोंदला गेल्याची खात्री करावी.