तोडलेले झाड

मुलांनो, कोकणच्या किनाऱ्यावर उंडीचे झाड तुम्ही पाहिले आहे का? त्याची पाने जाड व चकचकीत, फळ गोल. बियांचे तेल पूर्वी दिव्यात जाळत. या उंडीचा एक भाऊबंद मलेशियातील सारावाक राज्यात, दलदलीच्या जंगलात वाढतो. त्याचे नाव कॅलोफायलम लॅनिजेरम. आज त्याची हकिकत वाचू.

१९८७ मध्ये जॉन बर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेथील झाडांचे नमुने गोळा केले. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेले. तेथे प्रत्येक नमुन्याचा अर्क काढत. (अर्क हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल, तो उर्दूतही आहे.) एड्सच्या विषाणूची लागण झालेल्या पेशींवर तो अर्क टाकत आणि वाट पाहत. बहुतेक वेळा पेशी मरत. या झाडाच्या अर्काने मात्र त्या जगल्या!

आता आणखी पाने हवी होती. माणसे पुन्हा त्याच जागी गेली. पाहतात तो काय, झाड नाही! कोणीतरी ते तोडून नेले होते. आसपासच्या तशाच झाडांची पाने आणली, पण त्यांच्यात तो गुण नव्हता. सख्ख्या भावांचे स्वभाव तरी कोठे सारखे असतात? शेवटी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात त्याच प्रकारची झाडे सापडली. १९९२ मध्ये त्यांतील द्रव्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याला कॅलनोलाइड ए म्हणतात.

हे द्रव्य करते काय? एड्सचा विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. ही नक्कल उतरवणारे त्याचे एक विकर असते. कॅलनोलाइड त्या विकराला चिकटते. जणू लिहिणाऱ्या कातिबाचा हातच कोणी धरला!

पुढे दुसऱ्या एका भाऊबंदाच्या चिकातही असेच, पण थोडे सौम्य द्रव्य मिळाले. चीक काढायला झाड तोडावे लागत नाही, ही केवढी सोय! १९९६ मध्ये सारावाक सरकारही या कामात भागीदार झाले.

पण म्हणून उंडीचा पाला उकळून कोणी औषध म्हणून दिला, तर तो पिऊ नका. अर्कात अनेक द्रव्ये असतात. त्यांतून हवे ते वेगळे काढणे, त्याची मात्रा ठरवणे, अपाय तपासणे यात वर्षे जातात. कॅलनोलाइडच्या चाचण्या माणसांवर झाल्या, तरी दुकानात मिळणारे औषध ते अजून झालेले नाही.