घराकडे परतताना : दिल्ली, १९४७-४८

प्रास्ताविक

युद्ध, दंगल किंवा फाळणी अशा संकटात माणसे जिवाच्या भीतीने घर सोडून जातात. संकट ओसरल्यावर त्यांना आपल्या घरी परतावेसे वाटते. परंतु मधल्या काळात त्या घरात दुसरे कुटुंब राहावयास आले असेल, आणि तेही तितकेच निराधार असेल, तर न्याय कसा करावा? भारत स्वतंत्र झाला त्या वर्षी राजधानी दिल्लीसमोर हाच प्रश्न उभा राहिला होता. या पाठात आपण त्या प्रश्नाची ओळख करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• फाळणीनंतर दिल्लीत घरांचा प्रश्न कसा निर्माण झाला, ते सांगू शकाल;
• विस्थापितांच्या परतीसाठी कोणत्या गोष्टी आवश्यक असतात, त्यांचे विवेचन करू शकाल;
• ‘पुनर्’ या शब्दाने तयार होणारे शब्द ओळखून वापरू शकाल;
• घराच्या हक्काविषयी औपचारिक अर्ज लिहू शकाल.

मूळ पाठ

१. रिकामी झालेली घरे

ऑगस्ट १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. पश्चिम पंजाब, सिंध आणि वायव्य सरहद्द प्रांत येथून हिंदू व शीख निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येऊ लागले. सप्टेंबरच्या प्रारंभी दिल्लीतही हिंसाचार उसळला. करोल बाग, पहाडगंज, सब्जी मंडी या भागांतील मुस्लिम कुटुंबांनी घरे सोडली आणि पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील छावण्यांत आश्रय घेतला. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे खास गाड्यांनी पाकिस्तानात नेण्यात आले. कित्येक मात्र दिल्लीतच राहिले. शांतता झाली की आपल्या गल्लीत परत जाऊ, अशी त्यांची आशा होती.

त्या गल्लीतील घर तोवर रिकामे राहिले नव्हते. लाहोर, रावळपिंडी, मुलतान येथून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांनी मिळेल त्या घरात बस्तान बसवले होते. दाराचे कुलूप तोडून आत शिरलेला माणूस स्वतःच्या गावी आपल्याही घराला कुलूप लावून आला होता. १९५१ च्या जनगणनेनुसार दिल्लीतील अशा निर्वासितांची संख्या सुमारे ५ लाख होती. १९४१ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आत असलेली दिल्लीची लोकसंख्या दहा वर्षांत साडेसतरा लाखांच्या जवळ पोहोचली. याच काळात तिच्यातील मुस्लिमांचे प्रमाण एक तृतीयांशावरून सहा टक्क्यांच्या आत आले. या आकड्यांवरून घरांच्या टंचाईची आणि स्थलांतराच्या व्याप्तीची कल्पना येते.

पुराना किल्ल्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ज्या तटबंदीच्या आड प्रथम मुस्लिम कुटुंबांनी आश्रय घेतला, तेथेच पुढे हिंदू व शीख निर्वासितांची वस्ती झाली.

२. वचन आणि त्याची मर्यादा

सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेची देखभाल करण्यासाठी सरकारने ‘कस्टोडियन’, म्हणजे अभिरक्षक, हे पद निर्माण केले. सदर बाजार, पूल बंगश यांसारखे काही भाग मुस्लिमांसाठी राखून ठेवण्यात आले. तेथील रिकाम्या घरांत मिश्र वस्तीतून आलेल्या मुस्लिम कुटुंबांची सोय व्हावी, असा हेतू होता. परंतु बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या निर्वासितांना ही रिकामी घरे दिसत होती. त्यामुळे त्या घरांवरून वारंवार संघर्ष होत असे.

गांधीजी ९ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीत आले. दोन्ही बाजूंच्या विस्थापितांना आपापल्या घरी सुखरूप परतता आले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १३ जानेवारी १९४८ रोजी त्यांनी उपोषण आरंभले. १८ जानेवारीस विविध समाजांच्या व संघटनांच्या प्रतिनिधींनी लेखी प्रतिज्ञा केली, तेव्हा ते सुटले. मशिदी परत केल्या जातील, मुस्लिमांसाठी राखलेले भाग बळजबरीने व्यापले जाणार नाहीत, करोल बाग, पहाडगंज व सब्जी मंडीत मुस्लिमांना निर्भयपणे वावरता येईल आणि दिल्ली सोडून गेलेले मुस्लिम परत आले तर त्यास हरकत घेतली जाणार नाही, अशी त्या प्रतिज्ञेतील प्रमुख कलमे होती. हे सर्व पोलीस वा लष्कराच्या बळावर नव्हे, तर स्वतःच्या प्रयत्नाने घडवून आणू, असेही प्रतिनिधींनी मान्य केले.

शांतिदलाच्या सुभद्रा जोशी, अनीस किदवई यांसारख्या कार्यकर्त्यांनी शांतता टिकवण्यासाठी आणि घाबरलेल्या कुटुंबांना धीर देण्यासाठी अपार कष्ट घेतले. अनीस किदवई यांच्या पतीची ऑक्टोबर १९४७ मध्ये हत्या झाली होती. हे दुःख बाजूस ठेवून त्या छावण्यांतील कामात उतरल्या.

या प्रतिज्ञेचे नैतिक मोल मोठे आहे. तथापि तिचे शब्द बारकाईने वाचावेत. परतणाऱ्यास ‘हरकत घेणार नाही’ असे तीत म्हटले होते. त्याच्या घरात आता राहणाऱ्या कुटुंबाने कोठे जावे, ते घर कोणी, किती दिवसांत रिकामे करून द्यावे, याची तरतूद तीत नव्हती. मन वळवणे हे प्रतिज्ञेचे काम होते. घर मोकळे करण्यासाठी दुसरे घर लागत होते.

३. कायद्याची दिशा

१९४८ च्या पूर्वार्धात अनेक मुस्लिम कुटुंबे पाकिस्तानातून परतू लागली. घरांवरील ताण वाढला. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू केली; ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तसेच केले. आता भेटीसाठी येणे आणि कायमचे परतणे यांसाठी वेगवेगळे परवाने लागू लागले.

पुढे १९५० मध्ये निष्क्रांत मालमत्ता प्रशासन अधिनियम झाला. त्यातील ‘मालमत्ता’ या संज्ञेत मालकाप्रमाणेच भाडेकरू म्हणून असलेल्या हक्काचाही समावेश होता. म्हणजे भाड्याच्या दोन खोल्यांवरील ताबादेखील अभिरक्षकाकडे जाऊ शकत असे. मालमत्ता परत मिळण्यासाठी अर्ज करण्याची सोय या अधिनियमात होती. मात्र १९५४ च्या अधिनियमाने निष्क्रांत मालमत्ता संपादित करून निर्वासितांच्या भरपाईसाठी वापरण्याचा अधिकार सरकारला दिला. संपादन झाले की मूळ धारकाचा हक्क संपुष्टात येई. परतीचा दरवाजा असा हळूहळू मिटत गेला.

दुसरीकडे नवी घरेही उभी राहत होती. न. वि. गाडगीळ तेव्हा केंद्रात बांधकाम खात्याचे मंत्री होते. लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर अशा वसाहती पुढील वर्षांत आकारास आल्या. दिल्लीजवळच्या फरिदाबादला १९४९ पासून सरहद्द प्रांतातील निर्वासितांनी स्वतः बांधकामावर राबून नवे नगर उभारले. तेथे सुमारे ५,००० घरे झाली. पण ही घरे पुरेशा संख्येने उभी राहीपर्यंत जुन्या घरांवरील ताबा पक्का झाला होता. निर्वासितांना छप्पर मिळाले. छावणीतून घराकडे पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना मात्र आपला उंबरठा पुन्हा ओलांडता आला नाही.

४. एक दूरचा अनुभव

असाच प्रश्न युरोपातील बोस्निया-हर्जेगोविना या देशात निर्माण झाला. १९९२ ते १९९५ च्या युद्धात तेथील २० लाखांहून अधिक लोक बेघर झाले. शहरांतील अनेक सदनिका सामाजिक मालकीच्या होत्या आणि रहिवाशांना त्यांत राहण्याचा हक्क होता. युद्धकाळात अशा सदनिका ‘सोडून दिलेल्या’ ठरवून दुसऱ्यांना देण्यात आल्या. १९९५ च्या डेटन शांतता कराराने मात्र युद्धापूर्वीच्या घरी परतण्याचा हक्क मान्य केला.

आरंभीची काही वर्षे हा हक्क बहुतांशी कागदावरच राहिला. १९९९ पासून ठरावीक कार्यपद्धती काटेकोरपणे राबवली गेली. मूळ रहिवाशाने स्थानिक कार्यालयात अर्ज करावयाचा. अर्ज आलेल्या क्रमाने निकाली काढावयाचे. सध्याच्या रहिवाशास मुदतीची लेखी नोटीस द्यावयाची. त्याला स्वतःचे दुसरे घर असेल तर त्याने जागा सोडावयाची आणि तो खरोखर निराधार असेल तर प्रशासनाने त्याची पर्यायी सोय करावयाची. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यांस पदावरून दूर करण्याचा अधिकार शांतता करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीस होता. दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्यांपैकी बहुसंख्य पुढील काही वर्षांत निकाली निघाले. अर्थात घर परत मिळालेले सर्वजण तेथे राहावयास गेले नाहीत. शेजार बदलला होता, रोजगार उरला नव्हता. कित्येकांनी परत मिळालेले घर विकून अन्यत्र संसार थाटला. पण राहावे की विकावे, हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

५. समारोप

दोन्ही अनुभव एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. परतणाऱ्याचा हक्क आणि सध्या राहणाऱ्याची गरज यांपैकी एकीकडे डोळेझाक केली, तर दुसरीही नीट पुरी होत नाही. परतीसाठी हक्काचा पुरावा हवा, जिवाची सुरक्षितता हवी, निश्चित मुदत असलेला कायदा हवा आणि घर सोडणाऱ्या निराधारासाठी दुसरे छप्पर हवे. यांपैकी शेवटची गोष्ट वेळेवर न झाल्यास पहिल्या तीन अपुऱ्या पडतात.

पुराव्याचे महत्त्व शांततेच्या काळातही तितकेच असते. मुंबईत जुन्या इमारतीची पुनर्बांधणी होताना भाडेकरूंना संक्रमण शिबिरात जावे लागते. अशा वेळी भाडेपावती, शिधापत्रिका, वीजदेयक आणि लेखी करार हीच परतीच्या हक्काची साधने ठरतात. ती जपून ठेवावीत.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. गांधीजींचे उपोषण सुटले तो दिनांक –
(अ) १३ जानेवारी १९४८ (ब) १८ जानेवारी १९४८ (क) ९ सप्टेंबर १९४७
२. निष्क्रांत मालमत्तेची देखभाल करणारा अधिकारी –
(अ) अभिरक्षक (ब) भाडेकरू (क) प्रतिनिधी

शब्दार्थ

विस्थापित – राहत्या ठिकाणाहून उखडले गेलेले
निर्वासित – आश्रयासाठी दुसऱ्या प्रदेशात आलेले
निष्क्रांत – देश सोडून निघून गेलेला
बस्तान बसवणे – मुक्काम पक्का करणे
डोळेझाक करणे – जाणूनबुजून दुर्लक्ष करणे

भाषाभ्यास

‘पुनः’ म्हणजे पुन्हा. संधी होताना यातील विसर्गाचा ‘र्’ होतो.
पुनः + वसन = पुनर्वसन
पुनः + आगमन = पुनरागमन
पुढील शब्दांचा विग्रह करा : पुनर्विचार, पुनरुच्चार.

तुम्ही काय शिकलात?

• फाळणीनंतर दिल्लीत एकाच घरावर दोन विस्थापित कुटुंबांची गरज येऊन ठेपली.
• जानेवारी १९४८ च्या प्रतिज्ञेने परतीस नैतिक आधार दिला. पुढील कायद्यांनी मात्र परतीची वाट अरुंद केली.
• परतणाऱ्याच्या हक्काबरोबरच सध्याच्या निराधार रहिवाशाची सोय करणे आवश्यक असते.

पाठान्त प्रश्न

१. १८ जानेवारी १९४८ च्या प्रतिज्ञेची मर्यादा कोणती होती? पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. दिल्ली आणि बोस्निया येथील अनुभवांतील एक साम्य व एक फरक लिहा.
३. ‘कुलूप तोडून आत शिरलेला माणूस दोषी होता का?’ या विषयावर आपले मत दहा ओळींत मांडा.
४. इमारतीच्या दुरुस्तीसाठी तुम्ही घर सोडले होते. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर ताबा परत मिळावा, यासाठी संबंधित अधिकाऱ्यास अर्ज लिहा. सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी द्या.

उत्तरे

पाठगत प्रश्न : १. (ब) २. (अ)
भाषाभ्यास : पुनः + विचार, पुनः + उच्चार