वरणाची वाटी आणि पावडरीचा डबा

चि. ओंकार यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं म्हणून तू व्हे प्रोटीनचा डबा आणलास, आणि मेसच्या वरणात 'काही नसतं' म्हणून वाटी तशीच ठेवून उठतोस. आई म्हणते, वरणभातावर आजोबा नव्वदीपर्यंत ताठ चालले, डबा कशाला? तुम्ही दोघंही निम्मे चुकताय. दूध संघाच्या प्रयोगशाळेत माझी उभी नोकरी प्रथिनं मोजण्यात गेली, म्हणून मध्ये पडते.

दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. दूध फाटलं की गोळा होतो तो मुख्यतः केसीनचा. व्हे हिरवट पाण्यात राहतं. एके काळी चीजच्या कारखान्यांना हे पाणी टाकायचं कुठे हीच चिंता असायची. आता तेच गाळून, वाळवून तुझ्या डब्यात येतं. (म्हणून पनीरचं पाणी पीत बसू नकोस. पनीरसाठी दूध आधी तापवतो, तेव्हा बरंचसं व्हे केसीनला चिकटून पनीरमध्येच जातं.) केसीन पोटात दह्यासारखं गोठतं आणि सावकाश पचतं, व्हे झटपट उतरतं. स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसीन हे अमिनो आम्ल व्हेमध्ये १० टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये ८. ट्रेनर खोटं बोलत नाही, पण दिवसाची बेरीज पुरी पडत असेल तर हा फरक फार उरत नाही.

आता डाळ. अमिनो आम्लांपैकी तिच्यात लायसीन भरपूर, मेथिओनीन कमी. ज्वारी-तांदळाचं नेमकं उलट. पिठलं-भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि त्या एकाच घासात असायला हव्यात असंही नाही. सोयाबीन एकटंच दुधाच्या जवळ जातं. त्याने पुरुषांचे हार्मोन घटतात ही होस्टेलमधली भीती सोडून दे. रोजच्या खाण्याने तसं होत नाही. आणि 'पी प्रोटीन' म्हणून जे महाग विकतात, ते रगड्याच्या वाटाण्याच्याच जातीचं.

आईची चूक मापात आहे. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिन, खरं. पण मेसच्या पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ पडते जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे साडेचार ग्रॅमसुद्धा नाही! तुझं वजन ६० किलो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीने किलोमागे ०.८३, म्हणजे ५० ग्रॅम लागतात. वजनं उचलतोस म्हणून ९० धर. दोन वाट्या वरणाने हे कसं भागणार? ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सचे २६, दोन पेले दुधाचे १६, मूठभर शेंगदाण्यांचे ७, बाकी पोळी, उसळ, दही. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी डब्यातला एक चमचा. पोट गुडगुडत असेल तर कॉन्संट्रेटऐवजी आयसोलेट घे, त्यात लॅक्टोज कमी असतं.

एक गोष्ट मात्र धंद्यातली म्हणून सांगते. केल्डाल पद्धतीत आम्ही प्रथिन मोजत नव्हतो, नायट्रोजन मोजून त्याला ठरलेल्या आकड्याने गुणत होतो, दुधासाठी ६.३८. नायट्रोजन कुठून आला, हे त्या पद्धतीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून हाच आकडा फुगवला, आणि तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडांनी त्याची किंमत मोजली. पावडरीत मेलामाइन नसलं, तरी ग्लायसीन-टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्लं घालून तीच हातचलाखी करता येते.

डबा टाकू नकोस, पैसे आईचे आहेत. पण दुसरा घेण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा, घटकांच्या यादीचा फोटो मला पाठव. आणि आज रात्री वरणाची वाटी संपव.

तुझी,
मावशी