जीवाणूंची गणपूर्ती

सभेला पुरेसे सभासद जमल्याखेरीज ठराव मांडता येत नाही. या गणपूर्तीचा नियम जीवाणूही पाळतात!

व्हिब्रिओ फिशेरी हे सागरी जीवाणू विरळ असताना अंधारे राहतात. दाटी झाली की चमकतात. असे का? १९७० साली हार्वर्ड विद्यापीठात नील्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज यांनी याचा उलगडा केला. प्रत्येक जीवाणू एक संकेत-रसायन बाहेर सोडतो. जीवाणू थोडे असले तर ते विसरणाने पांगते. संख्या वाढली की त्याची संहती ठरावीक मर्यादा ओलांडते आणि सर्वांची प्रकाश देणारी जनुके एकदम कामाला लागतात.

स्यूडोमोनास एरुजिनोझा हा रोगजंतू हीच युक्ती वापरतो. एकट्यादुकट्याने विष सोडले, तर शरीराचे रक्षक त्याला सहज गाठतील. पुरेसे सोबती जमले, की मात्र सारे मिळून हल्ला करतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात ते फुप्फुसात चिकट थर रचून राहतात. या जैवपटलात प्रतिजैविकांचा प्रभाव फार कमी पडतो. म्हणून दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते. आता जंतूंचे हे संकेतच बुजविणारी औषधे शास्त्रज्ञ शोधीत आहेत.

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा. लागणारा बुळबुळीत थर हेही जैवपटलच! नुसती चूळ भरून ते का जात नाही, घासावेच का लागते? विचार करा.