वरखाली कोब्यावर लाकडी फ्लोअरिंग

प्रश्न : आमचं घर चिपळूणला, तळमजल्यावर आहे. एका खोलीतला जुना कोबा वरखाली झालाय. त्यावर क्लिक-लॉकचं लॅमिनेट फ्लोअरिंग घालायचं आहे. सुतार म्हणतात, खाली जाड फोम अंथरला की सगळं बसून जाईल. खरंच बसेल का?

उत्तर : नाही बसणार. फोम दबतो. खळग्यावर आलेली फळी अधांतरी राहते. पाय पडला की वाकते, उचलला की सरळ होते. हा सगळा ताण लॉकच्या पातळ जिभेवर येतो आणि ती तुटली की सांधे उघडतात. फोम जितका जाड, तितकी फळी जास्त हलते. 2-3 मिमीचा फोम पुरतो, आणि तो पावलांचा आवाज कमी करण्यासाठी असतो.

आधी दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कोब्यावर उभी, आडवी, तिरकी ठेवून पाहा. खालून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. फट 3 मिमीच्या आत हवी. जुन्या कोब्याला दाराकडे ढाळ असेल तर असू द्या. सारखा ढाळ फळ्यांना चालतो, त्यांना नडतात ते उंचवटे आणि खळगे. अख्खी खोली पाणसळीत आणायच्या हट्टापायी पैसे घालवू नका.

उंचवटे ग्राइंडरने घासून काढा. खळग्यात सिमेंट-वाळूचा पातळ थर देऊ नका, त्याचे पोपडे सुटतात. धूळ काढून, प्रायमर मारून सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड ओता. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. मिश्रण भराभर पसरावं म्हणून गवंडी सवयीने पाणी वाढवतात आणि मग वाळलेला थर नखाने खरवडला तरी पूड निघते. उभं राहून करून घ्यावं असं हे काम आहे.

मला खरी काळजी मात्र ओलीची वाटते. कोकणातला तळमजला मे महिन्यात कोरडा ठणठणीत दिसतो, म्हणून परीक्षा भर पावसाळ्यात घ्या. दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून कोब्याला चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर जमिनीतून ओल चढतेय. तेव्हा आधी ओलीचा बंदोबस्त करा. तो होत नसेल तर लाकडाचा नाद सोडून टाइल्स घाला, असंच मी सांगेन. कोरडं निघालं तरी फोमखाली 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद हवाच, जोडाला वीतभर एकावर एक घेऊन आणि भिंतीशी थोडा वर वळवून. फळ्या फुगतात, म्हणून भिंतीलगत चहूकडे 10 मिमी फट ठेवा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.