बारावीनंतर थेट जर्मनीला जाता येईल का?

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७८ टक्के आहेत. तिला जर्मनीत इंजिनिअरिंग करायचे आहे. थेट प्रवेश मिळेल का? जर्मन भाषा यायलाच हवी का? – एक पालक, नाशिक

उत्तर : नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, टक्के कितीही चांगले असोत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास वाट मोकळी होते. नाहीतर दोन मार्ग उरतात. एक, तिथल्या ‘श्टुडिएनकोलेग’मध्ये वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा. दुसरा, इथेच मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणे. मला दुसरा बरा वाटतो. खर्च कमी आणि मुलीलाही विचाराला वेळ मिळतो.

भाषेला मात्र पर्याय शोधत बसू नका. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्येच चालतात. त्यासाठी टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेच्या चारही विभागांत ४ किंवा डीएसएच या दुसऱ्या भाषा-परीक्षेत डीएसएच-२ ही पातळी साधारणपणे मागतात. श्टुडिएनकोलेगलाही जर्मनची बी१-बी२ पातळी लागते. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा इथे कामाला येत नाही.

शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून गुणपत्रिका हाती येताच अर्ज करा आणि जर्मनचा वर्ग आजच लावा.